खाते पान

आमचे दुकान जिवतीला आहे. गडचांदूर सोडून घाट चढला की माणिकगडाच्या डोंगरात, पठारावर हे तालुक्याचे गाव लागते. वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत राजुऱ्याहून येथे वर आले. मराठवाड्यातून पोट हातावर घेऊन आलेली कितीतरी कुटुंबे त्या काळात या डोंगरावर वस्ती करीत होती. कोलाम आणि गोंड तर येथले मूळचेच. आप्पांनी किराणा मांडला आणि हंगामात शेतमालाची खरेदी सुरू केली. या दोन्ही व्यवहारांचा कणा म्हणजे उधारी, आणि उधारीचा कणा म्हणजे वह्या.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या तांबड्या कापडी बांधणीच्या वह्या अजून माळ्यावर असतील. रोजकीर्द निराळी, खतावणी निराळी. दिवसभरात जे घडेल ते रोजकीर्दीत, घडले त्या क्रमाने. रात्री दिव्याखाली बसून तेच माणसागणिक खतावणीत. रोजकीर्दीच्या प्रत्येक ओळीपुढे एक अरुंद रकाना असे, त्याच्या डोक्यावर ‘खा. पा.’ अशी दोन अक्षरे. खाते पान. ही रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर गेली, त्या पानाचा आकडा तेथे पडे. लहानपणी मला तो रकाना निरुपयोगी वाटे. रकमा महत्त्वाच्या, नावे महत्त्वाची, पण हा आकडा कशासाठी? आप्पा एवढेच म्हणत, ‘तो आकडा नसेल तर वही म्हणजे नुसती गोष्ट आहे.’ त्याचा अर्थ मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळला, तोही एका माणसाचे पैसे चुकीने कापून घेतल्यानंतर.

२०१३ मध्ये मी दुकानात संगणक आणला. आप्पा तेव्हा नव्हते. वह्यांचा कंटाळा आला होता आणि रात्रीची खतावणी नकोशी झाली होती. एक्सेलची एक लांबलचक यादी केली: तारीख, ग्राहकाचे नाव, गाव, मोबाईल, माल, रक्कम, जमा, शेरा. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ. नाव निवडले की त्या नावाच्या सगळ्या ओळी गोळा होत आणि खाली बेरीज येई. खतावणीची गरजच उरली नाही, असे मला वाटले. ज्याला त्याला मी कौतुकाने दाखवीत असे. अशा यादीला संगणकाच्या भाषेत फ्लॅट फाईल म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सगळी माहिती एकाच पातळीवर पसरलेली, एकाच पानावर अंथरलेल्या सतरंजीसारखी. ओळीमागून ओळ, आणि एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी कसलाही संबंध नाही.

२०१७ च्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या सीमेवरच्या एका गावातले एक कोलाम शेतकरी गेली कित्येक वर्षे आमचे ग्राहक होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांनी सोयाबीन आणले, काटा झाला. मी संगणकावर त्यांचे नाव काढले, तर मागील वर्षाची ४,३५० रुपये बाकी. ती कापून उरलेले पैसे त्यांच्या हातात दिले. ते म्हणाले, ‘शेठ, पैसे तं देल्ले होते मी.’ मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हते, हे मला माहीत होते, तरीही वळवला. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, पैसे धोतराच्या कनवटीला लावले आणि निघून गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मला वाईट वाटले, पण चूक माझी असेल असे मनात आले नाही. यंत्र थोडेच खोटे बोलते!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी घरी आली. तिचे शिक्षण संगणकाचेच. दुकान सकाळचे काही तास उघडे, बाकीचा दिवस रिकामा. एके दुपारी ती माझी यादी चाळीत बसली होती. तिने विचारले, ‘बाबा, यात माणसे किती आहेत?’

मी म्हटले, ‘चौदा हजारांवर नोंदी आहेत.’

‘ओळी नाही विचारल्या. माणसे.’

मी नावांची छाटणी करून आकडा काढला: ७३८. ती हसली आणि तिने पडद्यावर बोट ठेवले. मारुती, मारोती, मारोतराव, मारुतय्या. आत्राम, अत्राम, आतराम. कुठे नावापुढे एक मोकळी जागा जास्त, कुठे ‘सिडाम’ आधी आणि नाव नंतर. यंत्राच्या दृष्टीने यातला प्रत्येक जण वेगळा माणूस. उलटही होते: एकाच नावाचे दोन चुलत भाऊ एकाच गावात राहत होते, आणि त्यांना यंत्राने एकच माणूस करून टाकले होते. माझ्या यादीत ‘माणूस’ नावाची वस्तूच नव्हती. होती ती फक्त अक्षरे.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्या सोयाबीनच्या प्रसंगाकडे परत गेलो. दोघांनी मिळून शोधले तेव्हा सापडले. ज्या दिवशी त्या शेतकऱ्यांनी ४,३५० रुपये भरले, त्या दिवशी त्यांचा मुलगा बरोबर होता. मुलगा पलीकडच्या राज्याच्या तेलुगू शाळेत जाणारा. दुकानातल्या पोराने नाव विचारले, मुलाने शाळेत लिहितात तसे सांगितले, पोराने ऐकले तसे टाकले. जुन्या नावाखाली बाकी तशीच राहिली आणि नव्या नावाखाली तेवढीच रक्कम जास्तीची जमा दिसत राहिली. ते नवे नाव कोणी कधी काढून पाहिलेच नव्हते. तीन वर्षे दोन्ही रकमा एकाच यादीत, काही शे ओळींच्या अंतराने, एकमेकींना न ओळखता पडून होत्या.

मुलीने मग मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण ती जे इंग्रजी शब्द वापरीत होती ते मला वह्यांच्या आधारानेच कळले.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे एका सतरंजीऐवजी अनेक छोटे तक्ते. एक तक्ता फक्त ग्राहकांचा: प्रत्येक माणसाला एकच ओळ आणि त्या ओळीला एक क्रमांक. दुसरा तक्ता गावांचा. तिसरा मालाचा. चौथा व्यवहारांचा, आणि त्यात नाव, गाव, मोबाईल यांतले काहीच नाही. फक्त तारीख, ग्राहकाचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि रक्कम. ग्राहकांच्या तक्त्यातला जो क्रमांक माणसाला ओळखतो ती त्याची मुख्य किल्ली. व्यवहारांच्या तक्त्यात तोच क्रमांक पाहुणा म्हणून येतो, म्हणून ती परकी किल्ली. मी म्हटले, ‘हे तर खाते पान!’ ती म्हणाली, ‘जवळजवळ.’ या ‘जवळजवळ’कडे मी पुढे येतो.

एक तथ्य एकाच जागी लिहायचे, हा या साऱ्या रचनेचा नियम. माझ्या सपाट यादीत एका ग्राहकाचा मोबाईल क्रमांक त्याच्या प्रत्येक व्यवहाराच्या ओळीत लिहिलेला होता. त्याने क्रमांक बदलला की अडतीस ओळी बदलायच्या. मी चार बदलत असे आणि कंटाळत असे. मग त्याचे दोन मोबाईल झाले, आणि खरा कोणता ते यादीला विचारून कळण्याची सोय उरली नाही. दुसरी अडचण मला कधी सुचलीच नव्हती. एखाद्याचा हिशेब पूर्ण चुकता झाला की जुन्या ओळी मी पुसून टाकी. शेवटची ओळ पुसली की तो माणूसच यादीतून नाहीसा होई. त्याचे गाव, त्याचा क्रमांक, वीस वर्षांची ओळख, सगळे त्या ओळीबरोबर जाई. आणि जो अजून काही विकत न घेता नुसते नाव सांगून गेला, त्याला लिहायला यादीत जागाच नाही, कारण व्यवहाराशिवाय ओळ नाही. तक्ते वेगळे केले की या तिन्ही अडचणी आपोआप गळून पडतात. मोबाईल एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो, कारण तो दुसरीकडे कुठे नाहीच.

त्याहून मला आवडला तो यंत्राचा हट्ट. ग्राहकांच्या तक्त्यात ४१७ क्रमांकाचा माणूस नसेल तर ४१७ च्या नावे व्यवहार लिहू देत नाही. ज्याची बाकी उभी आहे त्याला पुसू देत नाही. आणि एकाच्या खात्यात नावे आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा असा जोड व्यवहार असेल, तर दोन्ही बाजू पडतील किंवा एकही पडणार नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धा व्यवहार शिल्लक राहत नाही. जिवतीत वीज मध्येच जाते, हे मला निराळे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, तक्ते फोडले तर पूर्वीची ती सलग यादी कशी पाहायची? त्यासाठी जोडणी आहे. व्यवहाराच्या ओळीतला क्रमांक ग्राहकाच्या तक्त्यातल्या क्रमांकाशी जुळवून यंत्र क्षणात सलग यादी उभी करते: नाव, गाव, माल, बाकी, सारे एका ओळीत. ती यादी कुठेही साठवलेली नसते. विचारली तेव्हा तयार होते आणि काम संपले की विरते. आपल्या तलाठी दप्तराचेही असेच काहीसे आहे. गाव नमुना सातवर जमिनीचे हक्क, गट क्रमांकाने ओळखले जाणारे. नमुना सहामध्ये फेरफार, त्याचा स्वतःचा क्रमांक. आणि सातवरच्या नावाजवळ तो फेरफार क्रमांक लिहिलेला असतो, म्हणजे हे नाव येथे कशाने आले ते शोधता यावे. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन आठ-अ वर एकत्र दिसते. ज्यांनी कागदावर ही रचना बसवली त्यांच्यासमोर संगणक नव्हता, पण प्रश्न तोच होता.

या विचाराचा जनक एडगर कॉड. हा इंग्रज गणिती. ऑक्सफर्डला शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये आला. १९७० च्या जून महिन्यात त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. रिलेशनल या शब्दाचा अर्थ तक्त्यांमधली नातीगोती असा बहुतेक जण लावतात, मीही लावला होता. वास्तविक गणितात ‘रिलेशन’ म्हणजे तो तक्ताच, एका नमुन्याच्या ओळींचा संच. कॉडच्या आधीही मोठ्या माहितीची यंत्रे होतीच. आयबीएमचीच एक पद्धत अपोलो चांद्रमोहिमेच्या यानाच्या असंख्य सुट्या भागांच्या यादीसाठी निघाली होती. त्यात माहिती वंशवृक्षासारखी रचलेली: मुळापासून फांदीकडे, फांदीकडून पानाकडे. ज्या वाटेने रचली त्याच वाटेने शोधायची. वेगळा प्रश्न पडला की वाट नव्याने बांधायची, आणि ते काम जाणत्या तंत्रज्ञाचेच. कॉडने सुचवले की माहिती कोठे ठेवली आहे हे विचारणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही. तक्त्यात जे मूल्य लिहिले आहे त्यावरूनच तक्ते जुळावेत; काय हवे ते सांगावे, ते कसे शोधायचे हे यंत्राने पाहावे. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. आयबीएमला मात्र आपले चालते दुकान बिघडवण्याची घाई नव्हती. पहिला माल दुसऱ्याच कंपनीने, आज जिला ओरॅकल म्हणतात तिने, १९७९ मध्ये बाजारात आणला. व्यापाऱ्याच्या मुलाला यात नवल वाटत नाही. कॉडला १९८१ मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता त्या ‘जवळजवळ’विषयी. आप्पांचा खाते पान क्रमांक हा जागेचा पत्ता होता. खतावणीत पान भरले की खाते दुसऱ्या पानावर जाई आणि जुन्या पानाखाली ‘पुढे पान अमुक’ असे लिहावे लागे. दिवाळीला नवी वही पूजली की सगळ्यांची पाने बदलत. म्हणजे त्या वर्षीचे एकवीस पान पुढल्या वर्षी दुसऱ्याचेच. मुलीचे म्हणणे, कॉडच्या आधीच्या यंत्रांची खोड नेमकी हीच होती. ओळख जागेला बांधलेली होती. किल्ली माणसाची असावी, पानाची असू नये; पान बदलले तरी किल्ली तीच राहावी. मी आप्पांची बाजू घेऊन थोडा वाद घातला. आप्पांच्या वहीत मारोती आणि मारुतय्या वेगळे झाले नसते, कारण लिहिणारा हात एकच होता आणि त्याला तो माणूस ठाऊक होता. तिने हे मान्य केले. पण तो हात गेला तेव्हा ती ओळखही त्याच्याबरोबर गेली, एवढेच म्हणाली. यावर मला बोलता आले नाही.

सपाट यादी वाईट असते असे मात्र मी म्हणणार नाही, आणि मुलगीही म्हणत नाही. लग्नाच्या निमंत्रितांची यादी, पंगतीच्या वर्गणीची यादी, गावातल्या रक्तदात्यांची यादी, यांना तक्ते फोडीत बसणे म्हणजे मुंगीवर तोफ. सपाट फाईल कोणत्याही यंत्रावर उघडते, डोळ्यांनी वाचता येते, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी माहिती पाठवायची तर तिच्याइतके सोपे वाहन नाही. बिघाड होतो तो तिच्यावर वाहनाऐवजी घराचे काम सोपवले की. त्याच वर्षी शरद ऋतूत त्याचे मोठे उदाहरण घडले. इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून येणारे कोरोनाचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये घेतले जात होते. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. पुढच्या ओळी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. त्यांच्या सहवासात आलेल्यांना शोधून सावध करण्याचे काम तितके दिवस मागे पडले. ती बातमी मुलीने मला वाचून दाखवली तेव्हा आमचे काम निम्मे झाले होते.

काम म्हणजे माणसे मोजण्याचे. तिने एसक्यूलाईट नावाची छोटी व्यवस्था घेतली. ती रिलेशनल असूनही सगळा संसार एकाच फाईलमध्ये ठेवते. रिचर्ड हिप नावाच्या गृहस्थांनी २००० मध्ये ती केली आणि आज आपल्या सर्वांच्या खिशातल्या फोनमध्ये ती आहे. तक्ते तासाभरात झाले. पण ७३८ नावांतून माणसे वेगळी करायला तीन आठवडे लागले. सारखी दिसणारी नावे यंत्राकडून जुळवून घे, असे मी सुचवले होते. तिने नकार दिला. एका माणसाचे दोन झाले तर हिशेब चुकतो. दोन माणसांचा एक झाला तर एकाचे देणे दुसऱ्याच्या डोक्यावर बसते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून रोज दुपारी ती एकेक नाव वाची आणि मी सांगे: हा तो, हा नव्हे, हा त्याचा काका, हा आता हयात नाही. शेवटी ५१२ माणसे निघाली. नऊ जोड्या अशा राहिल्या की एक माणूस की दोन हे मला सांगता आले नाही. त्या तिने वेगळ्याच ठेवल्या आणि त्यांच्यापुढे खूण केली.

नावांचे काय करायचे हा खरा प्रश्न होता. मी म्हटले, प्रत्येकाचे एक नाव ठरवू आणि बाकीची टाकून देऊ. तिने पुन्हा नकार दिला. जे नाव टाकले त्याच नावाने उद्या माणूस आला तर? तिने पाचवा तक्ता केला, फक्त नावांचा. एका माणसाला कितीही नावे. प्रत्येक नाव एका ओळीत आणि त्याच्यापुढे माणसाचा क्रमांक. मारोती लिहा की मारुतय्या, दोन्ही वाटा ४१७ लाच येतात.

आमच्या तालुक्यात या तक्त्याला विशेष अर्थ आहे. राजुरा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मुंबई राज्यात येऊन आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. पठारावरच्या परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर यांसारख्या चौदा गावांवर मात्र दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. महाराष्ट्राच्या दप्तरात ती जिवती तालुक्यात आहेत. तेलंगणाच्या दप्तरात ती केरामेरी मंडलात आहेत, पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून कोमाराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. त्या गावांत दोन राज्यांच्या शाळा, दोन ग्रामपंचायती, दोन्हीकडची शिधापत्रिका आणि दोन्हीकडचे मतदार ओळखपत्र असे चित्र आहे. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही मतदारसंघांत ११ एप्रिलला मतदान होते. २०२४ ला एकीकडे १९ एप्रिल आणि दुसरीकडे १३ मे. यादी कोणती खरी? प्रत्येक राज्याची यादी आपल्यापुरती बरोबर आहे. दोन्ही याद्यांना मिळून एक माणूस दिसत नाही, इतकेच. एकीकडे नाव देवनागरीत, दुसरीकडे तेलुगूत, आणि शेतजमिनीच्या पट्ट्यांची मागणी वर्षानुवर्षे उभीच.

या लोकांना दुहेरी लाभ मिळतो, असे घाटाखालचे लोक कधी हसून बोलतात. मीही बोललो असेन. पण दोन खाती असण्याची दुसरी बाजू मी स्वतःच्या दुकानात पाहिली: एका खात्यावर भरलेले पैसे दुसऱ्या खात्याला दिसत नाहीत, आणि मधला माणूस दोन्हीकडे खोटा ठरतो.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, येणेजाणे मोकळे झाल्यावर, मी आणि मुलगी मोटारसायकलवर त्या गावी गेलो. ते अंगणात तुरीच्या शेंगा निवडीत बसले होते. मी ४,३५० रुपये आणि बँक ठेवीवर देते त्या दराने तीन वर्षांचे व्याज असे त्यांच्यापुढे ठेवले आणि झालेली चूक सांगितली. बोलताना माझा आवाज नीट निघत नव्हता. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, ‘तवाच सांगतलं होतं, शेठ.’ त्यांनी पैसे दोनदा मोजले, व्याजासकट घेतले. नको म्हणाले असते तर मला परत कसे यावे ते सुचले नसते. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मुलगा आता मोठा झाला होता. त्याने मुलीच्या फोनवर आपल्या वडिलांचे खाते पाहिले. दोन्ही नावे एकाखाली एक होती. त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली, आधी एक, मग दुसरे. ते म्हणाले, ‘आन तिसरं?’ घरात त्यांना आणखी एका नावाने हाक मारीत. मुलीने तेही लिहून घेतले.

ते आता दुकानात येतात, पूर्वीइतके नाही. सोयाबीन दुसरीकडे घालतात. तो त्यांचा हक्क आहे. मीठ-तेलाला मात्र येतात आणि चिठ्ठीवरचा क्रमांक माझ्यापुढे धरतात. मी क्रमांक टाकतो, तरी नाव विचारतो. मुलगी म्हणते, त्याची गरज नाही.

दिवाळीला मी वही आणतो. पूजा तिचीच होते, संगणकाला हळदकुंकू लावणे मला अजून जमत नाही. वहीत आता काही लिहीत नाही, फक्त त्या नऊ जोड्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. त्यांतले कोणी काउंटरवर आले की बोलता बोलता विचारतो, वडिलांचे नाव काय, शेत कोणत्या शिवारात. गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एका जोडीतले नाव घेऊन एक जण आला, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्यानेही तेच नाव सांगितले. चुलत भाऊ निघाले. एकाच आजोबांचे नाव दोघांना ठेवलेले. मी दोघांना चहा पाजला आणि वही काढून ती ओळ खोडली. आता आठ राहिल्या आहेत.